एकदा विचारलं तर काय बिघडलं?

आलेला प्रश्न थोडक्यात सांगते. विचारणारे तिशीच्या आतले, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला. टीममधल्या एका सहकारी मुलीला त्यांनी कॉफीला विचारलं. ती "बघू, सध्या रिलीजची गडबड आहे" म्हणाली. रिलीज झाल्यावर यांनी पुन्हा विचारलं. मग तिच्या वाढदिवसाला पुस्तक दिलं आणि रात्री अकराच्या पुढे "झोपलीस का?" असे मेसेज सुरू झाले. तिची उत्तरं हळूहळू एका इमोजीवर आली. पुढे कोणाकडून तरी कळलं की तिने मैत्रिणींना "तो जरा क्रीपी आहे", म्हणजे त्याच्याजवळ विचित्र, नकोसं वाटतं, असं सांगितलंय. आता हे कँटीनमध्ये गेले की टेबलावरचं बोलणं थांबतं, आणि एचआरने बोलावून "जरा जपून" असं सांगितलंय. त्यांचं म्हणणं असं: मी हात लावला नाही, वाईट शब्द काढला नाही, ती स्पष्ट नाही म्हणालीच नाही, एकदा विचारलं तर काय बिघडलं? हेच एखाद्या देखण्या मॅनेजरने केलं असतं तर त्याला रोमँटिक म्हटलं असतं. मुलांनी आता विचारायचंच नाही का?

मी वकील आहे आणि बरीच वर्षं कंपन्यांच्या आणि महाविद्यालयांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या समित्यांवर, बाहेरची सदस्य म्हणून बसते. त्यामुळे हा प्रश्न मी दोन्ही बाजूंनी ऐकते, बहुतेक वेळा एकाच आठवड्यात.

आधी एक दुरुस्ती. तुम्ही 'एकदा विचारलं' असं लिहिलंय, पण तुम्हीच दिलेल्या हकिकतीत मला दोनदा विचारणं, एक भेटवस्तू आणि रात्रीचे मेसेज दिसतात. समितीपुढे येणारे बहुतेक पुरुष 'एकदाच' म्हणतात आणि ते खोटं बोलत नसतात. प्रत्येक वेळ त्यांना सुटी आठवते. तिला ती सगळी सलग आठवतात. एकाच चॅटचे दोघांनी दिलेले प्रिंटआउट शेजारी ठेवले की हे फार स्वच्छ दिसतं.

आता 'क्रीपी' या लेबलाकडे येऊ. तिने मैत्रिणीला जे सांगितलं तो तुमच्यावरचा निकाल नव्हता, तिला काय वाटतं ते होतं. अमेरिकेतल्या नॉक्स कॉलेजचे फ्रँक मॅकअँड्रू आणि सारा कोएन्के यांनी २०१६ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. १,३४१ लोकांना त्यांनी विचारलं की माणूस असा 'क्रीपी' कशामुळे वाटतो. निष्कर्ष साधा होता. धोका उघड असला की माणूस घाबरतो किंवा पळतो. धोका आहे की नाही हेच कळत नसलं की मात्र अंगावर शहारा येतो, कारण पळावं तर वेडेपणा वाटेल आणि थांबावं तर भीती. त्या अभ्यासातल्या बायकांनी या भावनेचा संबंध लैंगिक धोक्याशी पुरुषांपेक्षा जास्त जोडला. तुमच्या सहकारी मुलीला तुम्ही गुन्हेगार वाटलात असं नाही. तुम्ही कुठे थांबाल याचा अंदाज तिला येईना, इतकंच. ते तिने मैत्रिणीला सांगू नये असं म्हणणं म्हणजे तिने अंदाज बांधूच नये असं म्हणणं.

पण तुमच्या तक्रारीतला एक भाग खरा आहे, आणि माझ्याच क्षेत्रातले लोक तो मान्य करायला कचरतात. त्याच अभ्यासातली लक्षणांची यादी पाहा. फार जवळ उभं राहणं, बोलणं सारखं लैंगिक विषयाकडे वळवणं, समोरच्याला उद्धट न दिसता निघून जाताच येऊ नये असं बोलत राहणं, ही वागण्याची लक्षणं. पण त्यांच्याच शेजारी तेलकट केस, विचित्र हसू, बाहेर आलेले डोळे, लांब बोटं हीही होती. म्हणजे आपलं मन वागणं आणि रूप एकाच टोपलीत टाकतं.

आपल्याकडे त्या टोपलीत आणखी बऱ्याच गोष्टी पडतात. सिक्युरिटी गार्डने "मॅडम, आज उशीर झाला" म्हटलं की तो क्रीपी. व्हाइस प्रेसिडेंटने तेच म्हटलं की 'काळजी घेणारे सर'. तालुक्याच्या गावातून आलेला, इंग्रजीत अडखळणारा, मुलींशी फारसं कधी न बोललेला मुलगा नजर कुठे ठेवावी हे न कळून खाली बघतो, तर तेही कोणाला खटकतं. कपडे, बोलीचा हेल, आडनाव, रंग, सगळं त्यात येतं. डिलिव्हरीवाल्याविरुद्ध सोसायटीच्या ग्रुपवर पाच मिनिटांत फोटो फिरतो, आणि त्याच सोसायटीच्या कमिटीतल्या काकांबद्दल बायका दहा वर्षं फक्त एकमेकींना 'लिफ्टमध्ये एकटी जाऊ नकोस' एवढंच सांगत असतात. मला या वादात खरा अन्याय दिसतो तो इथे. शब्द लावला जातो म्हणून नाही, तर तो खाली पटकन लागतो आणि वर लागतच नाही म्हणून. माझ्यासमोर आलेल्या गंभीर प्रकरणांतले बरेच पुरुष वागायला अत्यंत सफाईदार होते. त्यांना कोणी कधी क्रीपी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून तरुण मुली मला विचारतात तेव्हा मी म्हणते, मैत्रिणीपाशी जो शब्द सुचेल तो वापर, तिथे कोर्ट भरलेलं नाही. पण मॅनेजरला, एचआरला किंवा समितीला सांगताना तो शब्द बाजूला ठेव आणि काय घडलं ते सांग. 'तो क्रीपी आहे' यावर आम्ही काहीच करू शकत नाही. 'मी बघू म्हटल्यावर त्याने आणखी दोनदा विचारलं, रात्री अकरानंतर मेसेज केले, मी उत्तर न दिलेल्या दिवशी सकाळी डेस्कपाशी येऊन रागावलीस का विचारलं', यावर करू शकतो. शिवाय असं सांगितलं की सांगणारीलाही आपला त्रास वागण्याचा आहे की रूपाचा, हे लख्ख दिसतं. गार्डच्या बाबतीत एका मुलीने असं लिहायला घेतलं आणि दोन ओळींनंतर स्वतःच कागद बाजूला ठेवला. दुसऱ्या एकीची तीन पानं भरली, आणि तोवर तिला वाटत होतं की सांगण्यासारखं काहीच नाही.

आता तुमच्या "ती स्पष्ट नाही म्हणालीच नाही" या मुद्द्याकडे. हा मुद्दा मला जवळजवळ प्रत्येक चौकशीत ऐकायला मिळतो आणि दर वेळी मला आपली स्थळं बघण्याची पद्धत आठवते. 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप आला की महाराष्ट्रातल्या कुठल्या घरात त्याचा अर्थ कळत नाही? मुलीकडच्यांनी पत्रिका उघडलीसुद्धा नसेल, हे मुलाकडच्यांना ठाऊक असतं. तरी कोणी दुसरा ज्योतिषी घेऊन त्यांच्या दारात जात नाही. 'मुलीला इतक्यात लग्न करायचं नाही', 'पुढे शिकायचंय म्हणते', 'आमचे भाऊ परगावी गेलेत, आल्यावर कळवतो', हे सगळे नकार आहेत आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या निमूट ऐकत आलो. दोन्ही घरांची अब्रू राहावी म्हणून तो आडपडदा असतो. त्याच घरात वाढलेला मुलगा ऑफिसात 'सध्या गडबड आहे' हे ऐकून कॅलेंडरमध्ये पुढची तारीख शोधायला लागतो, तेव्हा त्याला भाषा कळली नाही यावर माझा विश्वास बसत नाही. कळलेली असते, पण सोयीची नसते.

सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या अभ्यासकांनी १९९९ मध्ये हेच दाखवलं होतं. रोजच्या बोलण्यात माणसं आमंत्रणाला सहसा सरळ 'नाही' म्हणत नाहीत. आधी थांबतात, 'अं' करतात, कौतुक करतात, कारण सांगतात, आणि ऐकणाऱ्याला तो नकार बरोबर समजतो. मित्राने ट्रेकला बोलावलं आणि तुम्ही "अरे, शनिवारी जरा घरी काम..." एवढंच म्हणालात, तर तो पुढचं वाक्य ऐकायलाही थांबत नाही. आपल्या मुलींकडे तर आणखी एक हत्यार आहे. त्या अचानक तुम्हाला 'दादा' म्हणू लागतात. समितीपुढे एका गृहस्थांनी मला सांगितलं की तिचं 'दादा' म्हणणं हा जवळिकीचा पुरावा होता. आमच्या अध्यक्षबाईंनी त्या वेळी पाणी मागवलं.

मुली तोंडावर स्पष्ट का सांगत नाहीत? काही सांगतात. पण ज्या सांगत नाहीत त्यांना भित्र्या समजू नका. १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीच्या परीक्षा केंद्रात एका विद्यार्थिनीला जाळून मारलं. २०२० च्या फेब्रुवारीत हिंगणघाटला कॉलेजात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून दिलं. दोन्ही बातम्या 'एकतर्फी प्रेम' या मथळ्याखाली वाचत महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या मुली मोठ्या झाल्या. तुम्ही तसे नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तिला ते कुठून माहीत असणार? ती नकार मऊ करते तेव्हा शिष्टाचाराबरोबर सावधपणाही असतो. त्यात ऑफिस म्हटलं की रोज तोंड बघायचं, अप्रेझलमध्ये तुमचंही मत विचारलं जाणार, हे वेगळंच.

जागा आणि वेळ यांनी किती फरक पडतो याचं २०११ मधलं डब्लिनचं उदाहरण या वादात नेहमी येतं. नास्तिकांच्या एका परिषदेसाठी आलेल्या रेबेका वॉटसन या अमेरिकन लेखिका पहाटे चारला, दमले, झोपायला जाते असं सांगून हॉटेलच्या बारमधून निघाल्या. एक अनोळखी पुरुष त्यांच्यामागून लिफ्टमध्ये शिरला आणि खोलीवर कॉफीला येता का म्हणाला. त्यांनी नंतर एका व्हिडिओत ओझरता उल्लेख करून एवढंच म्हटलं की असं करू नका बाबांनो. त्यावरून जे रणकंदन झालं त्यात रिचर्ड डॉकिन्ससारखा शास्त्रज्ञही उतरला आणि यात तक्रार करण्यासारखं काय आहे, अशी त्याने खिल्ली उडवली. कॉफीलाच तर विचारलं, हाच तिथेही युक्तिवाद होता. कॉफीवर कोणाचाच आक्षेप नव्हता. बंद लिफ्ट, पहाटेचे चार आणि 'झोपायला जाते' हे ऐकूनही मागे येणं, आक्षेप यावर होता. तीच कॉफी दुपारी चार माणसांत विचारली असती तर नाही म्हणून निघून जाणं सोपं होतं. विचारणाऱ्याने बघायचं ते हेच, की मी विचारतोय तिथून समोरचीला सहज निघून जाता येईल का.

कायद्याचं म्हणाल तर तो लोकांना वाटतो तितका ताठर नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा 'नकोसं' आणि 'लैंगिक स्वरूपाचं' वागणं म्हणतो. एकदा सभ्यपणे विचारणं आणि नकार मिळाल्यावर थांबणं याला छळ म्हणून शिक्षा झालेली मी पाहिली नाही. पाठलागाचा गुन्हा, म्हणजे आधीचं भारतीय दंड संहितेचं कलम ३५४-ड आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७८, यात तर अटच आहे की तिने नापसंती स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा मागे जाणं किंवा संपर्क करणं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने डिसेंबर २०२४ मध्ये अकोल्याच्या एका प्रकरणात तेच सांगितलं, की एकदा मागे जाणं म्हणजे पाठलागाचा गुन्हा नव्हे. त्याच खंडपीठाने जून २०२५ मध्ये रस्त्यात हात धरून 'आय लव्ह यू' म्हणणाऱ्याची शिक्षा रद्द केली. केवळ त्या शब्दांतून लैंगिक हेतू सिद्ध होत नाही, असं कारण दिलं. मुलगी अल्पवयीन होती, हात धरला होता. तो निकाल वाचून मी अस्वस्थ झाले, पण निकाल तो आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका बँक कर्मचाऱ्याला दिलासा दिला. प्रशिक्षणात त्याने एका सहकारी महिलेच्या लांब केसांवरून हिंदी गाण्याची ओळ गुणगुणली होती. तेवढ्याने लैंगिक छळ ठरत नाही, असं न्यायालय म्हणालं.

आणि दुसऱ्या बाजूला, फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या दिंडोशी सत्र न्यायालयाने एका गृहस्थाची शिक्षा कायम ठेवली. अनोळखी विवाहित बाईला त्याने रात्री अकरा ते साडेबाराच्या दरम्यान तू सडपातळ आहेस, गोरी आहेस, मला आवडतेस, असे व्हॉट्सॲप मेसेज पाठवले होते. शब्द तोंडावर सौम्यच. पण कोणाला, किती वाजता आणि कुठल्या नात्यात, यावर ते अश्लील ठरले. हे निकाल एकत्र वाचले की कोर्टालाही रेघ ओढताना घाम फुटतो हे कळतं, आणि हेही कळतं की 'आजकाल नुसतं बघितलं तरी आत टाकतात' ही कँटीनमधली बडबड आहे.

तुम्हाला भीती खोट्या तक्रारीची वाटत असेल, तर २०१३ च्या कायद्यात कलम १४ आहे. जाणूनबुजून खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तर कारवाई होते, मात्र तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. चौकशी नीट व्हावी हा तुमचाही हक्क आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाला विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून बडतर्फ केलं होतं. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते आदेश रद्द केले, कारण समितीने घाई केली आणि त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही. त्याच निकालात कोर्टाने देशभर समित्यांची अवस्था काय आहे याची झाडाझडतीही घेतली. आम्ही समितीच्या प्रशिक्षणात हा निकाल वाचूनच घेतो. घाईने केलेली चौकशी तक्रारदार बाईचंच सर्वांत जास्त नुकसान करते, कारण दहा-बारा वर्षांनी सगळं पुन्हा पहिल्या पायरीवर येतं.

त्रास पुरुषांनाही होतो, समलिंगी व्यक्तींना तर खूप होतो. २०१३ चा कायदा तक्रारदार म्हणून फक्त स्त्री धरतो, पण बऱ्याच कंपन्यांची धोरणं सगळ्यांना लागू असतात आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांत विद्यार्थी कुठल्याही लिंगाचा असला तरी तक्रार करू शकतो.

मुलांनी विचारायचंच नाही का, याचं उत्तर: विचारा की. ऑफिसातल्या ओळखीतून झालेली लग्नं माझ्या घरातच आहेत. विचारताना एकदा, दिवसाउजेडी, आणि नाही म्हणायला जागा ठेवून विचारा: "शनिवारी कॉफीला यायला आवडेल का? नाही म्हटलंस तरी काही हरकत नाही." मग खरोखर हरकत घेऊ नका. 'हो' सोडून दुसरं काहीही आलं, 'बघू', 'नंतर', इमोजी, शांतता, की त्याचा अर्थ 'नाही' धरा. तिला हवं असेल तर ती स्वतः शनिवार काढेल, मुलींना कॅलेंडर वापरता येतं. तुमच्या हाताखाली काम करणाऱ्या, तुमच्या शिक्क्यावर जिची बढती अवलंबून आहे अशा व्यक्तीला मात्र विचारू नका. तिथे तिचा होकारही तुम्हाला कळणार नाही. लाजऱ्या, संकेत पटकन न कळणाऱ्या मुलांना हे नियम फार सोयीचे पडतात असा माझा अनुभव आहे. स्वमग्नतेच्या छटा असलेल्या एका तरुणाने मला सांगितलं की आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला 'समजून घे' असं न म्हणता नेमकं काय करायचं ते सांगितलं. गडबड होते ती सफाईदार माणसांची, कारण त्यांना 'बघू'चं 'हो' करता येतं या कौशल्याचा अभिमान असतो.

तुमच्या देखण्या मॅनेजरचं काय? त्याला ती हो म्हणाली असती, कदाचित. आवडनिवड प्रत्येकाची असते आणि ती न्याय्य असायची गरज नाही, तुमचीही नाही. टीममधल्या सगळ्यांना सोडून तुम्ही तिलाच विचारलंत, तेव्हा बाकीच्यांवर अन्याय झाला असं कोणी म्हणालं नाही. पण ती त्याला 'बघू' म्हणाली असती आणि त्याने रात्री अकराला मेसेज सुरू केले असते, तर तोही याच टेबलावर चर्चेला आला असता. फक्त जरा हळू आवाजात, कारण तो मॅनेजर आहे.

आता सोमवारी काय करायचं. तिला गाठून माफी मागू नका. माफीसाठी का होईना, ते पुन्हा तिच्यापाशी जाणंच आहे. मित्राला मध्यस्थी करायला लावू नका, आणि 'हे कोणी पसरवलं' याचा शोध तर मुळीच घेऊ नका, तो सूड म्हणून नोंदला जातो. कामाचे मेल करा, टीमला कॉपीत ठेवून, आणि तिला टाळून तिचं काम अडवू नका. एचआरला दोन ओळी लिहा: तुम्ही काय सांगितलंत ते समजलं, यापुढे कामाव्यतिरिक्त संपर्क करणार नाही. कँटीनमधली शांतता काही आठवड्यांत ओसरते, लोकांना नवे विषय मिळतात. ओसरली नाही आणि कोणी तुमच्याबद्दल न घडलेल्या गोष्टी पसरवू लागलं, तर तुम्हीही एचआरकडे लेखी तक्रार करू शकता, पण काय घडलं ते सांगून, मनाला काय लागलं ते सांगून नव्हे.

तिने औपचारिक तक्रार केली, आणि शेवटच्या प्रसंगापासून तिला त्यासाठी तीन महिने आहेत, समितीला कारण पटलं तर आणखी तीन, तर तक्रारीची प्रत तुम्हाला सात कामकाजी दिवसांत मिळायला हवी. ती मिळाल्यावर उत्तर द्यायला दहा कामकाजी दिवस असतात. समितीपुढे वकील आणता येत नाही, स्वतःच बोलावं लागतं. चॅट जसं आहे तसं द्या, मधला एकही मेसेज पुसू नका, तिच्याकडे पूर्ण प्रत असणारच. आणि उत्तरात 'ती हसली होती' हे वाक्य घालू नका. आम्ही ते इतक्या वेळा वाचलंय की त्यावर आता पानच उलटतो.